एकोणिसाव्या पानापासून सुरुवात करा

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. पीएचडीचं काम चालू आहे. विषय १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले करून कर्जखतं जाळली तो उठाव. शिरूर तालुक्यातल्या एका जुन्या कुलकर्णी घराण्याच्या दप्तरात मला त्या काळातली मोडी कर्जखतं मिळाली. हे घराणं स्वतः सावकारी करायचं. प्रबंधाच्या एका प्रकरणावरून इंग्रजीत लेख केला आणि एका नियतकालिकाला पाठवला. पाच महिन्यांनी ‘मोठ्या दुरुस्त्या करा’ असा शेरा घेऊन तो परत आला. एक परीक्षक म्हणतात, लेख फार लांब आहे आणि पहिली दहा पानं सगळ्यांना माहीत असलेलीच आहेत. दुसरे म्हणतात, यात नवं काय? लेखिका दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाचंच म्हणणं पुन्हा मांडते आहे आणि हल्ले मारवाडी-गुजर सावकारांवरच का झाले, याला उत्तर देत नाही. मर्यादा आठ हजार शब्दांची, माझा लेख साडेअकरा हजारांचा. मुदत सहा आठवडे. तीन रात्री वाक्यं सुधारत बसले तर लेख दोनशे शब्दांनी वाढला. एक सहकारी म्हणतात, पैसे भरले की महिन्याभरात छापणारी नियतकालिकं आहेत, तिकडे देऊन टाका. लेख सोबत जोडते. कुठून सुरुवात करू?

उत्तर :

तुमचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा नुसता आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दोन्ही वेळा एकोणिसाव्या पानाशी आल्यावर मी खुर्चीत सावरून बसले. तिथे तुम्ही एकाच कुळाची, म्हणजे एकाच कर्जदार शेतकऱ्याची, तीन कर्जखतं एकाखाली एक मांडली आहेत. तीन-तीन वर्षांच्या अंतराने लिहिलेली, कर्ज तेच, नव्याने एक रुपयाही दिलेला नाही आणि आकडा मात्र दर खताला फुगत गेलेला. त्याआधीची अठरा पानं हुशार विद्यार्थिनीने लिहिलेली वाटतात. हे पान अभ्यासकाचं आहे. ‘कुठून सुरुवात करू’ हे तुम्ही विचारलं आहे, तर इथून करा.

तीन रात्री वाक्यं सुधारूनही लेख का वाढला, ते आधी सांगते. पहिला खर्डा आपण स्वतःसाठी लिहितो. आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे, हे लिहिता लिहिताच कळतं, आणि बहुतेकांना ते शेवटाकडे कळतं. तुम्हाला एकोणिसाव्या पानावर कळलं. त्यात चूक काहीच नाही, सगळ्यांचं असंच होतं. पण परीक्षकाला तुमच्या शोधाचा प्रवास करायचा नसतो, त्याला तुम्ही जिथे पोहोचलात ते ठिकाण बघायचं असतं. खर्ड्याची रचना तशीच ठेवून वाक्यं घासत बसलं की प्रत्येक वाक्याला आणखी एक आधार द्यावासा वाटतो आणि लेख सुजतो. म्हणून पहिला आठवडाभर एकही वाक्य सुधारू नका.

त्याऐवजी लेख कागदावर छापून घ्या. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहा, हा परिच्छेद काय काम करतो आहे याची. काय सांगतो ते नको, काय काम करतो ते. मी तुमच्या पहिल्या दहा पानांवर हे करून पाहिलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५, कापसाचे भाव चढणं आणि कोसळणं, इंदापुरातली १८६७ ची शेतसाऱ्याची फेरआकारणी, पुणे सार्वजनिक सभेची १८७० मधली स्थापना, १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारांवर पडलेला बहिष्कार, १२ मे १८७५ चा सुप्याचा बाजार, जिथून दंगे सुरू झाले. सगळं बरोबर आहे, नीट लिहिलेलंही आहे. समासात मात्र माझ्याकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिली गेली : ‘पार्श्वभूमी’. या दहा पानांची दीड पानं करा. कापूस आणि आकारणी मिळून एक परिच्छेद, कर्डे आणि सुपे मिळून एक. सार्वजनिक सभा तुमच्या युक्तिवादात पुढे कुठेच येत नाही, ती काढून टाका.

हे काढताना जीव तुटेल, मला माहीत आहे. माझ्या पहिल्या लेखात पेशवे दप्तरातल्या कागदांवर नऊ पानं होती. त्यासाठी मी एक अख्खा उन्हाळा पुणे पुराभिलेखागारात काढला होता. संपादकांनी ती नऊ पानं तीन ओळींवर आणायला सांगितली आणि मी महिनाभर लेखाला हात लावला नाही. मला वाटत होतं, ते माझे कष्ट खोडताहेत. पुढे मी स्वतः एका त्रैमासिकाचं संपादन करायला लागले, तेव्हा लक्षात आलं की वाचकाला कष्ट दिसत नाहीत, कष्टांतून आलेली खात्री दिसते. ती तीन ओळींतही दिसते. तुमची पानं प्रबंधात राहणारच आहेत. वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि लेखातून उचला.

आता दुसरे परीक्षक. त्यांचा शेरा तुम्हाला लागला आहे, हे पत्रातून कळतं. पण मला विचाराल तर या दोघांत तुमचा खरा मित्र तोच माणूस आहे. त्याने दोन गोष्टी विचारल्या आहेत आणि दोन्ही वर्मावर बोट ठेवणाऱ्या आहेत.

पहिली, तुम्ही आयोगाचंच म्हणणं मांडता आहात ही. सरकारच्या सारावाढीमुळे दंगे झाले का, याचा निवाडा त्या आयोगाने करायचा होता. त्याने साऱ्याला दोषमुक्त केलं आणि बोट सावकाराकडे दाखवलं. तुमचा खर्डाही साऱ्यापेक्षा कर्जखतं महत्त्वाची ठरवतो, म्हणून वरवर वाचणाऱ्याला तुम्ही सरकारी बाकावर बसलेल्या दिसता. प्रत्यक्षात तुमची एकोणिसाव्या पानावरची तीन खतं उलटं सांगतात. खत तीन वर्षांनीच का पालटलं जायचं? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर सावकाराचा हक्क बुडायचा. कुळाला जुन्या खतांपासून सोडवण्यासाठी केलेला हा कायदा, पण सावकाराने त्यावर तोड काढली : मुदत भरत आली की मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचं. म्हणजे कुळाच्या गळ्यातला फास सावकाराच्या हातात होता, पण त्याचा दोर सरकारी कायद्याने वळलेला होता. हे वाक्य तुमच्या लेखात कुठेच नाही. ते पहिल्या पानावर यायला हवं, तुमच्या शब्दांत.

आणि ते आकड्यांनी दाखवा. वाचकाला ‘चक्रवाढ’ म्हणून सोडून देऊ नका. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले. नऊ वर्षं एकच खत चाललं असतं तर सरळ व्याजाने देणं झालं असतं ३१६ रुपये. पण दर तीन वर्षांनी खत पालटलं तर पहिल्यांदा १७२, मग सुमारे २९६ आणि नवव्या वर्षाच्या शेवटी जवळजवळ ५०९. व्याजाचा दर तोच, सावकार तोच, फरक फक्त कागद बदलण्याचा. तुमच्याकडे तर खरी खतं आहेत, खऱ्या बेरजा आहेत. त्यांचा एक लहानसा तक्ता करा आणि शेजारी ‘खत पालटलं नसतं तर’ असा रकाना जोडा. त्या एका तक्त्याने दोन पानं वाचतील. शिवाय १८७९ च्या दख्खन शेतकरी दिलासा कायद्याने दाव्याची मुदत वाढवली, हे तुम्ही सध्या शेवटच्या तळटीपेत टाकलं आहे. सरकारने स्वतःच्याच कायद्यातली खोट मान्य केल्याची ती खूण आहे. तळटीप म्हणजे पुरावा लपवायची जागा नव्हे. वर आणा.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. खत पालटण्याचा धंदा सगळेच सावकार करत असतील, तर जमावाने मारवाडी आणि गुजर सावकारांनाच का गाठलं? तोच धंदा करणाऱ्या ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकारांना बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही, हे आयोगानेच नोंदवलं आहे. तुमच्या खर्ड्यात यावर एक वाक्य आहे, चौदाव्या पानाच्या तळाशी, आणि तुम्ही त्याच्यावरून घाईने पुढे गेला आहात. आपल्या युक्तिवादाला जिथे भोक असतं तिथे आपली लेखणी आपोआप वेगाने चालते. खर्डा वाचताना स्वतःची अशी घाई शोधत जा. मी लेख तपासते तेव्हा आधी ‘अर्थात’, ‘साहजिकच’, ‘हे उघड आहे’ अशा शब्दांभोवती वर्तुळ काढते. तुमच्या त्या वाक्यात इंग्रजीतलं ‘अर्थात’ आहे.

आता शांतपणे हे पुढचं वाचा. तुमची खतं ज्या दप्तरातून आली ते घराणं कुलकर्ण्यांचं, स्थानिक. आणि ती खतं आज आहेत, कारण ती जळली नाहीत. दंग्यात जी खतं जळली त्यातलं एकही आपल्याला कधी वाचायला मिळणार नाही. म्हणजे तुमचा पुरावा ज्यांना जमावाने सोडलं त्यांच्या घरचा आहे. दोन्ही परीक्षकांच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही. पण वाचकांपैकी कोणाच्या तरी येईल आणि मुख्य म्हणजे आता तुमच्या लक्षात आलं आहे.

इथे दोन रस्ते फुटतात. गप्प राहायचं आणि लेख आहे तसा रेटायचा, हा एक. तो धरू नका. दुसरा रस्ता असा की हे स्वतःहून, पहिल्या दोन पानांत, सरळ सांगायचं. मग बघा काय होतं ते. तुमचा आजचा दावा असा आहे : ‘खत पालटण्याच्या पद्धतीमुळे दंगे झाले.’ एवढं तुमची खतं सिद्ध करत नाहीत. पण ती दुसरं काहीतरी दाखवतात, जे माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. सोडून दिलेल्या सावकाराच्या घरीसुद्धा तीच खतं, तीच तीन वर्षं, तसाच फुगत जाणारा आकडा. म्हणजे नुसत्या खतांवरून काय जाळलं ते कळतं, कोणाचं जाळलं ते कळत नाही. मग त्या कोणाचं उत्तर कुठे शोधायचं? गावातल्या नात्यात, वतनात, बाहेरून आलेल्या माणसाबद्दलच्या भावनेत, की स्थानिक सावकार अडीनडीला सूट देत होता यात? तुमच्या खतांच्या पाठीवर वसुलीच्या नोंदी आहेत, असं तुम्ही बाविसाव्या पानावर ओझरतं म्हटलं आहे. त्या नोंदी मला बघायच्या आहेत. व्याज सोडल्याची, मुदत वाढवून दिल्याची, धान्यात फेड घेतल्याची एखादी तरी नोंद आहे का? असेल तर लेख तिथे उभा राहतो. नसेल तर तेही लिहा : कागदावर दोन्ही सावकार सारखेच दिसतात, म्हणून फरक कागदाबाहेर शोधावा लागेल. हाही निष्कर्षच आहे आणि प्रामाणिक आहे.

दावा लहान झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. एका तालुक्यातल्या एका दप्तरावरून संपूर्ण दख्खनबद्दल बोलणारा लेख कोणीही दोन मिनिटांत मोडू शकतो. त्या दप्तराबद्दलच बोलणारा लेख मोडायला त्या माणसाला मोडी शिकून शिरूरला यावं लागेल.

पूर्वीच्या चर्चेचंही या नव्या दाव्यामुळे सोपं होईल. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचं महत्त्व फुगवलं गेलं आहे, अशी मांडणी केली. तुम्ही त्यांना तीन पानं उत्तर देत बसला आहात. त्यांचा प्रश्न आहे, हा उठाव किती मोठा होता. तुमचा प्रश्न आहे, त्यात जाळलेल्या कागदाचा अर्थ काय होता. उठाव लहान होता असं धरलं तरी तुमचा प्रश्न उरतोच. एवढं एका परिच्छेदात सांगा आणि पुढे चला. सगळ्या पूर्वसूरींशी भांडून झाल्याशिवाय आपल्याला बोलायचा अधिकार नाही, असं आपल्याला पीएचडीच्या काळात वाटतं. तो अधिकार तुम्हाला मोडी वाचून मिळाला आहे.

इंग्रजीचं दडपण तुमच्या लेखात जागोजागी दिसतं. तुमची मराठीतली पत्राची भाषा किती स्वच्छ आहे! तीच व्यक्ती इंग्रजीत चार ओळींचं वाक्य करते आणि क्रियापद शेवटी कुठेतरी हरवतं. यावर मला एकच उपाय माहीत आहे. इतिहास न शिकवणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला चहाच्या वेळी तुमचा लेख मराठीत सांगा. दहा मिनिटांत. फोनवर ध्वनिमुद्रण करा. तुम्ही ज्या क्रमाने सांगाल तोच लेखाचा क्रम, आणि जिथे तो ‘म्हणजे काय?’ विचारेल तिथे लेखात एक वाक्य हवं. मग इंग्रजी लिहा, लहान वाक्यांत. इंग्रजी गुळगुळीत करून देणारी संगणकीय साधनं हल्ली सगळेच वापरतात. वापरायची तर अगदी शेवटी, युक्तिवाद पक्का झाल्यावर, आणि त्या नियतकालिकाचा याबाबतचा नियम वाचून. साधनाने बदललेला प्रत्येक शब्द तपासा. ‘कर्जखत’, ‘कर्ज’ आणि ‘हिशेबाची वही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा सगळा लेख त्या वेगळेपणावर उभा आहे. असं साधन तिन्हींना एकच गोड इंग्रजी शब्द देऊन मोकळं होईल. मूळ मराठी शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.

परीक्षकांना द्यायचं उत्तर लेखाबरोबरच लिहीत चला, शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. डाव्या रकान्यात त्यांचा शेरा जसाच्या तसा, उजव्या रकान्यात तुम्ही काय केलं आणि कोणत्या पानावर. जिथे पटलं नाही तिथे बदल करू नका, पण कारण द्या. पहिल्या परीक्षकांनी फेरआकारणीचा भाग पूर्ण काढायला सुचवलं आहे, ते मला पटत नाही. तो काढला तर आयोगाने साऱ्याला सोडून सावकाराला का धरलं, हेच वाचकाला कळणार नाही. तसं नम्रपणे लिहा : परिच्छेद लहान केला आहे, पण या कारणासाठी ठेवला आहे. संपादक अशा उत्तराचा मान राखतात. दोन्ही परीक्षकांना खूश करायला निघालेला लेख कोणाचाच राहत नाही, हे मी संपादकाच्या खुर्चीत बसून पुष्कळदा पाहिलं आहे.

पैसे भरून छापण्याबद्दल : नको. घाई कशाची आहे? प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलेला असण्याची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काही वेगळा आहे का, तेवढं पीएचडी विभागात विचारून घ्या. शिवाय अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली, त्यामुळे नियतकालिक कसं आहे हे आता आपलं आपणच पारखायचं आहे. ज्या नियतकालिकाने तुमचा लेख पाच महिने ठेवून दोन माणसांकडून इतका बारकाईने वाचून घेतला, ते चांगलं आहे. महिन्याभरात छापणाऱ्याने हे प्रश्न विचारलेच नसते आणि तुमची खतं एका अर्धवट लेखात कायमची अडकली असती. ती खतं तुमच्याआधी कोणी वाचलेली नाहीत. त्यांच्याबद्दलचा पहिला लेख चांगलाच असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सहा आठवडे पुरतील. पहिल्या आठवड्यात समासातल्या ओळी आणि काटछाट. त्यानंतर सगळ्यात आधी दप्तराकडे परत जा, खतांच्या पाठीवरच्या नोंदी उतरवून घ्या; या कामाला दोन आठवडे लागले तरी चालतील, कारण लेखाचं भवितव्य त्यावर आहे. खतांची छायाचित्रं छापायला त्या घरच्या लोकांची लेखी परवानगीही त्याच खेपेत घ्या. उरलेल्या वेळात लेखन, आणि शेवटचे चार दिवस मोठ्याने वाचून काढायला. जिथे श्वास पुरणार नाही तिथे वाक्य तोडा. वेळ कमी पडतोय असं चौथ्या आठवड्यात वाटलं तर संपादकांना लगेच कळवून पंधरा दिवस मागा. मुदत उलटून गेल्यावर मागू नका.

शीर्षक अगदी शेवटी बदला. ‘दख्खनच्या दंग्यांची कारणे : एक पुनर्विचार’ हे आता तुमच्या लेखाचं नाव राहिलेलं नाही. आणि बाविसाव्या पानावरच्या त्या नोंदींत काय निघालं, ते मला जरूर कळवा. मी वाट पाहते आहे.